चिलखताला कल्हई: एक पावसाळा काढल्यावर

माझं चिलखत म्हणजे लोखंडी कड्या एकमेकींत गुंफून विणलेली जाळी: १६ गेज (तारेच्या जाडीचं माप) तार, एका कडीत चार कड्या. मुद्दा गंजाचा. तेल लावून ठेवलं तर आतला अंगरखा काळाकुट्ट होतो आणि घरचे ओरडतात, म्हणून मर्दानी खेळाच्या पोरांसोबत घालायचं चिलखत कल्हईला, म्हणजे कथलाचा मुलामा द्यायला दिलं.

कल्हईवाला आधी भांड्याच्या दरात तयार झाला, हातात घेतल्यावर म्हणाला, साहेब ही प्रत्येक कडी म्हणजे एक भांडंच की! दुप्पट घेतले. वर कथलात शिसं मिसळायची सूचना, स्वस्त पडतं म्हणे. अंगावर घासणाऱ्या वस्तूला शिसं कशाला, शुद्ध कथीलच लावून घेतलं.

काम मात्र बघण्यासारखं. अॅसिडने धुतलेला तुकडा भट्टीवर तापवायचा, नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघाला की कथील फिरवायचं आणि लगेच जोरात झटकायचं, कारण कथील २३२ अंशांच्या खाली आलं की घट्ट होतं आणि कड्या एकमेकींना डाग दिल्यासारख्या चिकटतात. बाहीचा एक भाग पत्र्यासारखा ताठ झाला होता, परत तापवून झटकला तेव्हा सुटला.

चमक एक नंबर! लांबून चांदीच वाटते. मी सगळ्यांना सांगत सुटलो की हाच उपाय.

मग गणपती आले. विसर्जनाला पाऊस, वर घाम, आणि दुसऱ्या दिवशी बगलेत नारिंगी पट्टा. फक्त बगलेत! कथील मऊ, कड्या घासल्या की निघून जातं, आणि खालचं लोखंड उघडं पडलं की उलट जास्तच जोरात गंजतं. जस्त स्वतः झिजून लोखंड वाचवतं, कथील तसलं काही करत नाही, ते फक्त झाकतं. महाराजांनी प्रतापगडाला अंगरख्याखाली चिलखत घातलं तो १० नोव्हेंबर १६५९, पाऊस सरलेला. आमच्या नशिबी भाद्रपद.

बगल तेव्हापासून रोज बघतो, बायको हसते. पाठ आणि छाती आजही झकास, तेलाचा थेंब लागला नाही, त्यामुळे पैसे वाया गेले असं म्हणवत नाही. भिंतीवर टांगायचं असेल तर डोळे झाकून करा. घालून नाचायचं असेल तर बगलेचे तुकडे बिनकल्हईचे ठेवा आणि तेल चोळा. मी ते दोन तुकडे उसवून स्टेनलेसच्या कड्यांचे विणतोय, रंग थोडा वेगळा दिसतो पण हात वर केल्याशिवाय कोणाला कळणार?