बार्सेलोनातील दोन उद्याने : सिउतादेया आणि ग्वेल

बार्सेलोनात एकाच उद्यानासाठी वेळ असेल, तर बहुतेक प्रवासी ग्वेल उद्यान निवडतात, आणि त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. उद्योगपती एउसेबी ग्वेल यांच्यासाठी वास्तुविशारद आंतोनी गाउदी यांनी १९०० ते १९१४ या काळात टेकडीवर श्रीमंतांची वसाहत उभारायला घेतली. भूखंड फारसे विकले गेले नाहीत, म्हणून १९२६ मध्ये ती जागा सार्वजनिक उद्यान म्हणून खुली झाली. वरच्या चौकातील पावसाचे पाणी वाळूतून गाळले जाऊन खालच्या ८६ स्तंभांच्या दालनातील पोकळ खांबांमधून भूमिगत टाकीत उतरते. फुटक्या फरश्यांच्या तुकड्यांनी मढवलेल्या नागमोडी बाकापेक्षाही मला ही योजना अधिक विलक्षण वाटते. मात्र या भागासाठी तिकीट लागते, चढण दमवते आणि गर्दीत निवांतपणा हरवतो.

सिउतादेया उद्यान सपाट, विनाशुल्क आणि मध्यवस्तीजवळ आहे. १७१४ मध्ये शहर जिंकल्यानंतर स्पेनचा राजा पाचवा फिलिप याने नागरिकांवर वचक ठेवण्यासाठी येथे किल्ला बांधला होता. तो पाडून तयार झालेल्या या उद्यानात १८८८ चे जागतिक प्रदर्शन भरले. किल्ल्याच्या जुन्या शस्त्रागारात आज कातालोनिया या स्पेनमधील स्वायत्त प्रदेशाची संसद भरते. ज्या भिंतींचा शहराला धाक होता, त्यांच्या जागी आता लोक तळ्यात होड्या वल्हवतात. मुले किंवा वृद्ध सोबत असतील, तर मी निःशंकपणे सिउतादेयाच सुचवेन. स्थापत्याची ओढ असलेल्याने सकाळी लवकर ग्वेल गाठावे.