खुर्चीखालचा बास शेकर: उन्हाळा-पावसाळा काढल्यावर

पीसीवरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये (सिममध्ये) इंजिनाची थरथर अंगाला जाणवावी म्हणून खुर्चीखाली लावतात तो बास शेकर, म्हणजे आवाजाऐवजी हादरे देणारा स्पीकर. 4 ओम, 50 वॅटचा शेकर, टीपीए3116 चिपचा दोन चॅनेलचा ॲम्प आणि 24 व्होल्टचा ॲडाप्टर असा हा संच. ॲम्पच्या खोक्यावर '100 वॅट + 100 वॅट' छापलंय, ते सोडून द्या. ती चिप 21 व्होल्टवर 4 ओमला चॅनेलमागे 50 वॅट देते आणि शेकरला तेवढं पुरून उरतं. ताकदीबद्दल तक्रार नाही. तक्रार घरघरीची आहे.

सिममधलं विमान चिकलठाणा विमानतळाच्या पार्किंगवर कोल्ड अँड डार्क (सगळं बंद) उभं, बॅटरीचा मास्टरसुद्धा बंद, आणि खुर्ची गुणगुणतेय. ही लाइटची 50 हर्ट्झची घरघर. टेबलावरचे छोटे स्पीकर इतकं खाली नीट वाजवतच नाहीत, म्हणून तिथं ती कळत नाही. शेकरचा तर तोच इलाका.

सेसना 172 उडवणाऱ्यांना जाच जास्त. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन, म्हणजे क्रँकच्या एका फेऱ्यात दोन स्फोट. प्रोपेलरही थेट क्रँकवर आणि पाती दोन. आरपीएमला 30 ने भागलं की हर्ट्झ मिळतात. टॅक्सीला 1000 म्हणजे 33, रन-अपला (उड्डाणाआधीच्या इंजिन तपासणीला) 1800 म्हणजे 60, क्रूझला 2400 म्हणजे 80. आणि अप्रोचच्या आसपासच्या 1500 ला बरोबर 50! 1530 वर गेलात की 51 आणि 50 एकमेकांत मिसळून सेकंदाला एक हेलकावा येतो. इंजिन रफ चालतंय असं वाटून माणूस उगाच मिक्स्चर (इंधन-हवेचं प्रमाण) चाळवत बसतो.

कस्टमर केअरचं उत्तर ठरलेलं: केबल बदला. मग ॲम्प बदलून दिला, तोही तसाच. थंडीत या संचाला चार स्टार दिले असते. कुलर लागल्यावर दोन.

कारण ॲडाप्टरमध्ये आहे. तो तीन पिनी, आणि त्याचा डीसी निगेटिव्ह आतून अर्थ पिनेला जोडलेला. ॲडाप्टर सॉकेटमधून काढा, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा, एक प्रोब अर्थ पिनेला आणि दुसरा डीसी जॅकच्या बाहेरच्या कड्याला. बीप आला की समजा. पीसीची बॉडीही अर्थला जोडलेली असतेच, आणि दोघांना सांधते ऑडिओ केबलची शील्ड (तारेभोवतीचं धातूचं आवरण). झाला ग्राउंड लूप, म्हणजे अर्थचं बंद वेटोळं. त्यात ॲम्प कुलरच्या बोर्डावर आणि पीसी दुसऱ्या बोर्डावर असेल तर कुलरच्या ओल्या पंपातून थोडा करंट अर्थ वायरमध्ये गळतो, दोन बोर्डांच्या अर्थमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक पडतो, आणि ॲम्प तोच सिग्नल समजून वाढवतो.

(जाता जाता: आपल्याकडं मुरमाड जमिनीत अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात कोरडाठाक पडतो. न्यूट्रल आणि अर्थमध्ये 2-3 व्होल्टच्या वर दिसलं तर शेकर राहू द्या, आधी खड्ड्यात पाणी ओता आणि वायरमन बोलवा.)

फुकटचा उपाय आधी: पीसी आणि ॲम्प एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर. घरघर बरीच उतरते, जात नाही. मग कार ऑडिओच्या दुकानात तीनशे-चारशेला मिळणारा ग्राउंड लूप आयसोलेटर. घरघर गायब, पण आतला ट्रान्सफॉर्मर इतका चिमुकला की 40 हर्ट्झच्या खाली त्याचा कोअर सॅच्युरेट होतो, म्हणजे सिग्नल पुढं नेऊ शकत नाही. टॅक्सीचे 33 आणि धावपट्टीचे दणके तिथंच विरतात. मग शेकर घेतला कशाला?

खरा इलाज दोन पिनी, डबल इन्सुलेटेड 24 व्होल्टचा ॲडाप्टर. लेबलवर चौकोनात चौकोन असतो. लूपच तुटतो आणि खालचा बास शाबूत राहतो. करंट निदान 4 अँपिअर बघा. तीन पिनीची अर्थ पिन कापायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्यानंतरही बारीक गुणगुण राहिली तर विंडोजचा आवाज 85-90 टक्क्यांवर न्या आणि ॲम्पचा नॉब खाली आणा. उलटं ठेवलंत तर ॲम्प घरघरच मोठी करतो. विंडोजमधलं लाउडनेस इक्वलायझेशन (हळू आवाज आपोआप मोठे करणारी सोय) बंदच हवं.

आता साडेतीन स्टार. अर्धा कापला, कारण हा ॲडाप्टर कंपनीला सुरुवातीलाच देता आला असता.

बाकीचं थोडक्यात. शेकरला वेगळं यूएसबी साउंड कार्ड द्या, नाहीतर एटीसीचा (कंट्रोल टॉवरचा) आवाज बुडाखालून येतो. सिमचा आवाज सरळ देणार असाल तर लो-पास (वरचे सूर कापणारा फिल्टर) 80 हर्ट्झवर नको, 100 वर ठेवा; 2700 आरपीएमला इंजिन 90 वर असतं. टेलिमेट्रीवर (सिमकडून येणाऱ्या विमानाच्या आकड्यांवर) चालणारं सॉफ्टवेअर वापरलं तर ही भानगडच नाही, ते आरपीएमवरून सूर स्वतः तयार करतं. बोल्टला नायलॉक नटच (आत नायलॉनचं कडं असलेला) लावा, साधा नट थरथरीनं ढिला होतो आणि शेकर फाटल्यासारखा वाजतो. खुर्चीच्या पायांखाली वॉशिंग मशीनचे रबर ठेवा, नाहीतर शहाबादी फरशीतून खालच्या मजल्यावर टेक-ऑफ पोचतो. आणि लोडशेडिंगमध्ये स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर 150, 250, 350 हर्ट्झची किरकिर वेगळी येते. त्यावर ॲडाप्टर बदलून भागत नाही, साइन वेव्हच घ्यावा लागतो.