नॉइज काढणारं सॉफ्टवेअर, सहा महिने आणि भरलेली डिस्क

रात्री दीड वाजता स्क्रीनवर 'डिस्क फुल' आलं, तेव्हाच ठरवलं की आता हे लिहायचंच. नृत्याच्या कार्यक्रमाचे सहाशे फोटो सकाळी द्यायचे होते आणि तीनशे बाराव्याला गाडी अडली. अडली तर अडली, पण हे सॉफ्टवेअर जागा संपल्यावरही थांबलं नाही. पुढच्या सगळ्या फोटोंच्या शून्य बाइटच्या फायली केल्या आणि वर 'पूर्ण' म्हणून हिरवी खूण!

नॉइज, म्हणजे कमी उजेडातल्या फोटोत दिसणारे दाणे, छान काढतं, हे सगळेच सांगतात आणि ते खरं आहे. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, 6400 वर नेली की येणारे दाणे जातात, केसांचा पोत राहतो. विषय संपला. माझं भांडण टिफशी आहे, म्हणजे साफ केलेला फोटो ज्या अवजड फाइलीत परत येतो तिच्याशी.

24 मेगापिक्सलचा फोटो. प्रत्येक पिक्सलला तीन रंग, रंगाला 16 बिट म्हणजे दोन बाइट. 24 गुणिले 6, झाले 144 एमबी. माझी मूळ रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली कच्ची फाइल, 28 एमबीची. सहाशे फोटोंचे 86 जीबी, तेही एका संध्याकाळचे. त्यात तोच फोटो दुसऱ्यांदा पाठवला की '-एडिट-2' नावाचं आणखी एक पिल्लू. कॉम्प्रेशन आहे म्हणून हौसेने त्यातली एलझेडडब्ल्यू ही पद्धत लावली, तर फाइल उलट फुगली. झिप या दुसऱ्या पद्धतीने थोडी उतरली. सपोर्टला लिहिलं. चार दिवसांनी उत्तर आलं: 'डिस्कवर पुरेशी जागा ठेवावी.' बरं झालं सांगितलंत, मला वाटलं डिस्क झाडाला लागतात.

आता थोडी माघार. तिसऱ्या महिन्यात लक्षात आलं की निम्मी चूक माझीच होती. मी आधी माझ्या जुन्या फोटो एडिटिंगच्या प्रोग्रॅममध्ये व्हाइट बॅलन्स (दिव्यांच्या रंगछटेची दुरुस्ती), एक्स्पोजर सगळं उरकून मग फोटो इकडे धाडत होतो, म्हणून टिफच बनत होती. नॉइजचं काम सगळ्यात आधी करायचं असतं. रॉ जशीच्या तशी द्यायची आणि डीएनजी, म्हणजे रॉसारखीच नंतर फेरफार करता येणारी फाइल, परत घ्यायची. हा पर्याय एक्स्पोर्टच्या यादीत तळाला आहे, मी तिथवर कधी गेलोच नव्हतो. डीएनजी काही सडपातळ नसते, तिच्यातही प्रत्येक पिक्सलला तिन्ही रंग भरलेले असतात. पण व्हाइट बॅलन्स नंतर मोकळेपणी फिरवता येतो. स्टेजच्या जांभळ्या दिव्यांतले चेहरे टिफमध्ये वांगी वाटायचे, डीएनजीत ते माणसांत आले. त्या दिवशी या सॉफ्टवेअरला मनातल्या मनात दोन स्टार वाढवून दिले.

एक स्टार लगेच काढलाही. इकडे लेन्स करेक्शन, म्हणजे लेन्समुळे वाकलेल्या रेषा सरळ करणं, आपोआप चालू असतं, जुन्या प्रोग्रॅममध्येही चालू. दोघांनी मिळून दुरुस्ती केली आणि स्टेजच्या कडेचे सरळ खांब आत वाकले. चाळीस फोटो दिल्यावर मला ते दिसलं. कुठलं तरी एकच चालू ठेवा. मी इथलं बंद केलंय.

हल्ली छाटणी आधी करतो. सहाशेतले दीडशे उरतात, त्यातले आयएसओ 3200 च्या वरचेच इकडे पाठवतो, म्हणजे जेमतेम साठ. जुन्या प्रोग्रॅममध्ये फोटोंना दिलेले स्टार एक्सएमपीमधून, म्हणजे फोटोसोबत जाणाऱ्या माहितीच्या नोंदीतून, नीट येतात कारण तो नुसता आकडा असतो. रंगाचं लेबल मात्र शब्द म्हणून लिहिलं जातं, त्यामुळे दोन्हीकडे लेबलांची नावं वेगळी असली की रंग गायब. नावं सारखी करायला पाच मिनिटं लागली, कारण शोधायला रविवार गेला.

एवढं सगळं होऊनही हेच वापरतोय, पैसे भरलेत ना. नव्या आवृत्तीची सूचना रोज येते, मी रोज 'नंतर' दाबतो. आज सकाळी जुन्या फोल्डरमध्ये '-एडिट-2' शोधलं. एक्केचाळीस निघाल्या. पावणेसहा जीबी मोकळे झाले.