कॅसलमेन की व्हायाला?

ऑस्ट्रेलियात दुसऱ्या महायुद्धात बाथर्स्ट वर्गाची 60 कॉर्व्हेट, म्हणजे छोटी युद्धजहाजं, बांधली गेली, त्यांतली चार रॉयल इंडियन नेव्हीसाठी. आज संग्रहालय म्हणून दोनच उरलीत: 'कॅसलमेन' आणि 'व्हायाला'. त्यांतलं कुठलं बघावं?

मेलबर्नच्या विल्यम्सटाउनमधली 'कॅसलमेन' अजून पाण्यात तरंगते. डिसेंबर 1942 मध्ये तिमोरजवळ तिच्यासोबत त्याच वर्गाची 'आर्मिडेल' होती. 'कुरू' या लहानग्या नौकेवरचे पोर्तुगीज निर्वासित घेऊन 'कॅसलमेन' डार्विनकडे वळली आणि 'आर्मिडेल' पुढच्या कामासाठी मागे थांबली. जपानी विमानांनी 'आर्मिडेल'ला बुडवलं. 149 पैकी 100 जण गेले. जहाज बुडत असतानाही तोफ चालवत राहिलेल्या अवघ्या 18 वर्षांच्या टेडी शीनला व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्याचं सर्वोच्च पदक मिळायला 2020 साल उजाडलं. फार उशीर झाला हो!

दक्षिण ऑस्ट्रेलियातली 'व्हायाला' त्याच नावाच्या गावात बांधलेलं पहिलं जहाज. न्यू गिनीच्या किनाऱ्यावर तिनं सागरी सर्वेक्षण केलं. युद्धानंतर 'रिप' या नावानं व्हिक्टोरिया राज्याच्या बांधकाम खात्यात राबली. पुढे गावानं ती विकत घेतली आणि 1987 मध्ये समुद्रापासून दोन किलोमीटर आत आणून ठेवली. जमिनीवर असल्यानं तिचा एरवी पाण्याखाली राहणारा तळही पाहता येतो.

एकच बघायची असेल, तर मी 'कॅसलमेन' सुचवेन, 'आर्मिडेल'च्या पोरांसाठी.