दारू सोडवणं सोपं, घरी आल्यावरचं अवघड (मखमलाबाद बाजूचं व्यसनमुक्ती केंद्र, ४ स्टार)

नाव मुद्दाम टाकत नाहीये, दादाला नाशकात बरेच जण ओळखतात. आमची ही दुसरी खेप. आधी एका दुसऱ्या केंद्रात २१ दिवस ठेवलं होतं, दारू उतरली, अंगावर मांस चढलं, घरी आला आणि पगार झाला त्याच संध्याकाळी सातपूरहून येताना परत चालू. घरी गेल्यावर काय करायचं यावर तिथे कोणी चकार शब्द काढला नव्हता.

इथे डॉक्टरांनी आल्या आल्या विचारलं, शेवटची कधी घेतली? कारण रोजचा पिणारा एकदम थांबला की पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जिवावर पण बेततं, त्यामुळे देवासमोर शपथ घालून घरच्या घरी बंद करायच्या भानगडीत पडू नका. आणि आईने आणलेली ती 'नकळत जेवणात मिसळा'वाली पावडर डॉक्टरांनी सरळ फेकायला लावली. त्यात डायसल्फिरम (दारू घेतली की त्रास व्हावा म्हणून देतात ते औषध) असेल तर वरून दारू पोटात गेल्यावर तोंड लाल, उलट्या, छातीत धडधड, बीपी खाली, आणि पेशंटला माहीतच नाही आपण काय खाल्लंय. दादाचा लिव्हरचा रिपोर्ट बरा नव्हता म्हणून किडनीची टेस्ट करून अकॅम्प्रोसेट दिलं (दारूची ओढ कमी करणारं औषध, ते लिव्हरवर नाही तर किडनीवाटे बाहेर पडतं), २-२ गोळ्या तीन वेळा. दुपारच्या दोन वहिनी डब्यात पोळीवरच ठेवते, म्हणजे विसरलो म्हणायची सोय नाही.

पण ४ स्टार आहेत ते काउन्सेलर मॅडमसाठी. त्यांनी दादाकडूनच कागदावर लिहून घेतलं, प्यावंसं कधी वाटतं: ७ तारीख, कंपनीतले दोघं, सीबीएस बसस्टँडजवळचा कोपरा, आणि चौथं 'भूक'. भूक! इतक्या वर्षांत आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आता सुटी व्हायच्या आधी मूठभर शेंगदाणे खातो आणि लांबच्या रस्त्याने येतो.

तिसऱ्या महिन्यात ओझरच्या लग्नात अर्धा ग्लास बिअर घेतलीच. मॅडमनी आधीच बजावलं होतं, घसरलात तर त्याच रात्री फोन करा, 'आता प्यायलोच आहे तर पिऊ' हे डोक्यात आलं की माणूस पुरता जातो. अॅलन मार्लट म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी याच विचारावर बरंच काम केलंय असं नंतर वाचलं. रात्री ११ ला फोन केला, ओरडल्या नाहीत, फक्त 'सकाळी या' म्हणाल्या. आम्ही मात्र घरी तोवर रडारड करून मोकळे झालो होतो.

एक स्टार का कापला तर फॅमिली मीटिंग गुरुवारी दुपारी ३ ला, नोकरीवाल्याने यायचं कसं? बिलात 'इतर' म्हणून एक रक्कम होती ती काय ते शेवटपर्यंत कळलं नाही. आमटी म्हणजे पिवळं पाणी. आधी नुसतं विचारायचं असेल तर १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन फुकट आहे. आणि पार्किंग नाही, गाडी गल्लीच्या तोंडाशीच लावा.