रकसॅकचा इंडेक्स आणि मराठी वर्णक्रम: काही महिन्यांच्या वापरानंतर

गिरगावातील एका छोट्या सार्वजनिक ग्रंथालयाची सूची मी गेले काही महिने आर्थर लेमेन्स यांच्या रकसॅक या, कॉमन लिस्प या प्रोग्रामिंग भाषेतील ऑब्जेक्ट डेटाबेसवर (त्या भाषेतील वस्तू जशाच्या तशा साठवणाऱ्या डेटाबेसवर) चालवतो आहे. ग्रंथालयाचा खर्च वर्गणी आणि अनुदानावर भागतो, त्यामुळे परवान्याचे पैसे भरून ॲलेग्रोकॅश हा लिस्पचा व्यावसायिक डेटाबेस घेणे शक्य नव्हते. एलिफंट या लिस्पच्या दुसऱ्या डेटाबेसला खाली बर्कले डीबी किंवा एखाद्या एसक्यूएल डेटाबेसचा आधार लागतो. रकसॅक मात्र सगळा लिस्पमध्येच लिहिलेला असल्याने वेगळे काही बसवावे लागत नाही. पर्सिस्टंट क्लास (ज्यांच्या नोंदी डिस्कवर टिकून राहतात) आणि ट्रान्झॅक्शन (बदल एकतर पूर्ण होतो किंवा मुळीच होत नाही) यांविषयी माझी तक्रार नाही. दाखल अंकाच्या स्लॉटवर, म्हणजे नोंदीतील त्या रकान्यावर, युनिक इंडेक्स (एकच मूल्य दोनदा येऊ न देणारी, क्रमाने लावलेली शोधसूची) लावला आणि एकच अंक दोन पुस्तकांना पडणे थांबले.

तक्रार होती ती ग्रंथकाराच्या आडनावावरील इंडेक्सची. रकसॅकमध्ये अक्षरी किल्ल्यांसाठी (ज्या मूल्यांवरून शोध घेतला जातो त्यांसाठी) जो तयार इंडेक्स मिळतो, तो दोन आडनावांची तुलना निव्वळ युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या प्रमाणकाच्या) क्रमांकांनुसार करतो आणि मराठी वर्णमालेचा क्रम त्याच्या गावी नसतो. ‘क’पासून ‘ख’च्या अलीकडची आडनावे मागितली की कोलटकरांच्या मागोमाग क्षीरसागर येतात, कारण युनिकोडच्या दृष्टीने ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त आणि ष. ‘ळ’चा क्रमांक ‘ल’च्या लगेच पुढे असल्यामुळे काळे हे कावळे आणि काशीकर यांच्या आधी लागतात, आपल्या छापील सूचीत ‘ळ’ ‘ह’नंतर असतो. ‘ॲ’ तर 2008 साली युनिकोडच्या 5.1 आवृत्तीत दाखल झाला आणि त्याला जागा मिळाली देवनागरी अंकांच्याही पलीकडे, म्हणून त्या अक्षराने सुरू होणारे लेखक ‘ह’नंतर शेवटी जाऊन बसतात. सर्वांत जास्त त्रास गोऱ्हे या आडनावाने दिला. त्यातला ‘ऱ्ह’ दोन प्रकारे टंकित करता येतो आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण इंडेक्सच्या लेखी ती दोन आडनावे. देवघेव विभागात सभासद समोर उभा आहे, पुस्तक कपाटात आहे, आणि यंत्र म्हणते आहे की असा ग्रंथकारच नाही. ग्रंथालयाच्या कामात याहून मोठा दोष मला दिसत नाही.

हा अनुभव मी येथवर लिहिला तेव्हा रकसॅक सोडण्याचा सल्ला देण्याच्या विचारात होतो. त्यानंतर त्याचा मूळ कोड नीट वाचला आणि मत बदलले. तयार इंडेक्स हे केवळ नमुने आहेत. स्वतःचा इंडेक्स-प्रकार घोषित करून त्यात तुलनेचे फंक्शन, तसेच तुलनेपूर्वी किल्लीवर चालवायचे फंक्शन, दोन्ही आपल्या पसंतीची देता येतात. मी या दोहोंपैकी दुसरा मार्ग घेतला: ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांना एकेक अक्षर मानणारे, ‘ळ’ला ‘ह’नंतर नेणारे, ‘ॲ’ला ‘अ’शेजारी आणणारे आणि ‘ऱ्ह’ची दोन्ही रूपे एक करणारे छोटे फंक्शन लिहिले. समानताही त्याच तुलनेवरून ठरत असल्याने क्रम आणि शोध दोन्ही एकदमच सुधारले. इतकी मोकळीक मला फुकटात मिळाली, याचे मनापासून समाधान आहे.

ग्रंथकार आणि प्रकाशनवर्ष अशा दोन अटी एकत्र लावणारी क्वेरी मात्र येथे नाही. इंडेक्सवरचा शोध एका वेळी एकाच स्लॉटवर चालतो. आधी ग्रंथकारावरून पुस्तके काढायची आणि वर्षाची चाळणी लिस्पमध्ये लावायची. एका ग्रंथकाराची पुस्तके आमच्याकडे मोजकीच असल्याने तेवढे पुरते.

खरी जपण्याची गोष्ट वेगळी आहे. इंडेक्ससोबत फंक्शनचे फक्त नाव साठवले जाते, फंक्शन नाही. ते लोड न करता डेटाबेस उघडला तर आडनावाचा शोध अडतो, आणि त्याची व्याख्या नंतर बदलली तर जुन्या नियमाने रचलेल्या इंडेक्समध्ये नव्या नियमाने शोध सुरू होतो, ज्याची सूचना कोणीही देत नाही. म्हणून नियम बदलताना मी फंक्शनला नवे नाव देतो आणि इंडेक्स पहिल्यापासून बांधून घेतो.