सोसायटीत वाचन सुरू करायचंय: वाचनालयाची वर्गणी, पुस्तक भिशी की ग्रंथपेटी?

साठ-सत्तर घरांच्या सोसायटीत वाचणारी माणसं असतातच. पण पहिल्याच बैठकीत विषय कपाटावर येतो आणि तिथेच चुकतं. कपाट आणलं की घरोघरची अडगळ त्यात येऊन पडते: जुनी गाइडं, संचातला एकटा दुसरा खंड, वाळवी लागलेली मासिकं. कपाट भरतं, पण उघडायला कोणी जात नाही. खरं ठरवायचं असतं ते हे, की पुस्तक कोणाच्या हातून कोणाच्या हाती जाणार आणि ‘तुम्ही हे वाचा’ असं सांगणार कोण. खालचे तिन्ही पर्याय याच दोन प्रश्नांवर तोलून बघा.

जवळचं वाचनालय चालत दहा-पंधरा मिनिटांवर असेल तर आधी तिथेच जा. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840चं, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893चं, दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898चं. इतका जुना संग्रह सोसायटी कधीच उभा करू शकणार नाही, आणि बाजारात न मिळणारी पुस्तकं अशाच ठिकाणी सापडतात. गावातलं वाचनालय लहान असेल तर त्याचा दर्जा विचारा. महाराष्ट्रात 1967च्या ग्रंथालय कायद्याखालची सार्वजनिक ग्रंथालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत मोडतात, त्यावरून आवाक्याचा अंदाज येतो. वर्गणी भरण्याआधी तीन गोष्टी पक्क्या करा: अनामत परत कधी मिळते, एका वेळी किती पुस्तकं मिळतात आणि देवघेव विभाग किती वाजता बंद होतो. नोकरदारांचं सभासदत्व बहुधा या तिसऱ्या गोष्टीवर अडतं. दुपारची सुट्टी आणि साप्ताहिक सुट्टी आपल्या वेळांशी जुळत नसेल तर दोन महिन्यांत जाणं थांबतं. उपाय सोपा आहे: पाच-सहा घरांनी आपापली कार्डं एकाकडे द्यायची आणि त्याने शनिवारी सगळ्यांची पुस्तकं बदलून आणायची. आधी ग्रंथपालांना विचारून घ्या.

पुस्तक भिशीचा हिशेब सरळ आहे. 12 जण, दरमहा 500 रुपये, म्हणजे 6,000. चिठ्ठी निघेल त्याने तेवढ्याची पुस्तकं घ्यायची. तीनशे-चारशेची पुस्तकं धरली तर 15 ते 20 होतात, प्रदर्शनातली सवलत मिळाली तर थोडी जास्त. पुस्तकं मालकीची होतात, हा तिचा मोठा गुण. वर्षाला 72,000ची खरेदी होते आणि गावातल्या पुस्तकाच्या दुकानाला हक्काचं गिऱ्हाईक मिळतं, हेही मोलाचं. पण भिशी दोन ठिकाणी मोडते. रोख हातात दिली की पुस्तकांऐवजी कुकर येतो. म्हणून पैसे थेट दुकानदाराला द्या आणि बिल ग्रुपवर टाका. दुसरं म्हणजे बाराही जण तीच गाजलेली दहा पुस्तकं घेतात. खरेदीआधी यादी सगळ्यांना दाखवायची आणि कोणाच्या तरी घरी असलेलं पुस्तक टाळायचं, असा नियम पहिल्याच महिन्यात करा. घेतलेली पुस्तकं वर्षभर इतर अकरांना मागितल्यावर द्यायची, हेही तेव्हाच ठरवा. नंतर सांगायला अवघड जातं. भिशी मुरलेल्या वाचकांसाठी आहे. ‘काय वाचू?’ विचारणाऱ्याला ती काहीच सांगत नाही.

ग्रंथपेटी, म्हणजे वाचकांत फिरणारी निवडक पुस्तकांची पेटी, नेमकी याच माणसासाठी. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमाने 2009पासून ही पद्धत रुजवली आणि दुबईतल्या मराठी घरांपर्यंत पोचवली. आपली पेटी करायची तर 25 पुस्तकं पुरे. शंभरांची पेटी तीस किलोच्या वर जाते आणि ज्येष्ठांच्या घरून हलत नाही. पंचवीसची सात-आठ किलोंत बसते. झाकणाची प्लास्टिकची पेटी घ्या. पत्र्याची पावसाळ्यात आतून घामेजते. निवड अशी जमते: आठ कादंबऱ्या, पाच कथासंग्रह, चार चरित्रं-आत्मचरित्रं, तीन प्रवास किंवा ललित, तीन मुलांसाठी, एक कवितांचं, एक माहितीपर. बारीक टाइपाच्या जुन्या आवृत्त्या नकोत. साठीपुढचे वाचक चार पानांत मिटून ठेवतात. दर तीन-चार महिन्यांनी शेजारच्या सोसायटीशी पेटी बदला, नाहीतर ती शिळी होते.

पेटीचा जीव आहे मागच्या कव्हरच्या आत ठेवलेल्या कार्डात. त्यावर घर क्रमांक, तारीख आणि ‘कोणाला आवडेल’ अशी एकच ओळ. ‘छान आहे’ लिहू देऊ नका, त्यातून काही कळत नाही. ‘पहिली 40 पानं रेटावी लागतात, मग सुटत नाही’ किंवा ‘रात्री एकट्याने वाचू नये’ अशी ओळ पुढच्या वाचकाचा हात धरते. कार्डाचं पाकीट चिकटवायला घरची खळ वापरू नका, तिला कसर लागते, फेव्हिकॉल चालेल. फाटक्या पानांना सेलोटेप तर नकोच, तिने कागद पिवळा पडतो.

तरीही पेटी चालते ती एका चिकाटीच्या माणसावर. असा माणूस आहे का, हे दिवाळीत तपासता येतं. 15 घरांनी प्रत्येकी वेगळा दिवाळी अंक घ्यायचा आणि दर रविवारी घर क्रमांकाच्या ओळीने पुढे सरकवायचा. फेरा फेब्रुवारीपर्यंत पुरतो. त्या पंधरा रविवारी न सांगता दारोदार अंक मागत कोण फिरतं ते पाहा. असं कोणी निघालं तर 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, पेटी त्यांच्या हाती द्या. नाही निघालं तर वाचनालयाची वर्गणी भरा आणि भिशीसाठी बाराजण जमतात का ते बघा.